उजव्या खांद्यावरचा खड्डा

अन्याय झाला तो माझ्या आबांवर, म्हणजे वडिलांवर. होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकराला, सुरतेत नवागामच्या एका लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात. वेळ पक्की सांगते कारण मी तिथं होते. हातात आबांचा डबा, अंगावर शाळेचा गणवेश. माझी शाळा दुपारची, सव्वाबाराला भरायची.

पत्रक लिहिताना आम्हाला शिकवलंय की पहिल्या ओळीत कुणावर, कधी, कुठं हे आलं पाहिजे आणि दुसऱ्या ओळीत कुणी केलं ते. पहिली ओळ मी वर लिहिली. दुसरी लिहायला मला नऊ वर्षं लागली.

त्या दिवशी खातं निम्मं रिकामं होतं. होळीला आमची माणसं गावाकडं जातात, धुळ्याकडं, अमळनेराकडं, आणि येताना आठवडाभर उशीर करतात. पण सेठला लूम बंद ठेवायचे नसतात. बीम संपला होता, नवा चढवायचा होता. बीम म्हणजे जाड लोखंडी नळावर गुंडाळलेला सगळा ताणा, हजारो धाग्यांचा. दोन पक्की माणसं दोन टोकांना खांदा देतात तेव्हा तो उचलला जातो. त्या दिवशी एका टोकाला आबा होते आणि दुसऱ्या टोकाला नुकताच आलेला एक कारीगर, ज्यानं आयुष्यात बीम उचलला नव्हता. त्याचं टोक निसटलं. आबांनी आपलं सोडलं नाही. खाली पडला असता तर ताणा गुंतला असता, म्हणून सोडलं नाही. सगळं वजन एका झटक्यात त्यांच्या उजव्या हातावर आलं.

आबांनी बीम पडू दिला नाही याचं खात्यात आजही कौतुक होतं. या कौतुकाचा मला संताप येतो.

रिक्षात आबा मधे, मी एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला. मास्तर म्हणजे खात्यातले लूम सांभाळणारा माणूस. आमच्या शेजारच्या गावचा, सणाला आमच्याकडं जेवायला येणारा, मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेला. आबा उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते, जसं कुणाचं तरी लेकरू धरावं तसं. ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "मझार काहीतरी फाटनं. कापड फाटस तसं वाजनं." आत काहीतरी फाटलं, कापड फाटतं तसा आवाज आला. वीस वर्षं कापड विणणारा माणूस सांगत होता. याहून नेमकं निदान नंतर कुणीच केलं नाही.

मास्तर म्हणाले, "बेटा, डॉक्टर विचारतील कसं झालं. सांगायचं, घरी जिन्यावरून पडले. कळलं?"

मी विचारलं, का.

"खात्याचं नाव आलं की कागद येतात, साहेब येतात, सेठचं डोकं फिरतं. मग तुझ्या आबाचे लूम दुसऱ्याला जातात. आपले सगळे असंच सांगतात. मीपण सांगितलंय." असं म्हणून त्यांनी डाव्या हाताची दोन अर्धी बोटं मला दाखवली. "हे घरी सुपारी कापताना गेलं. कागदावर तसंच आहे."

आमच्या लोकांत एक रीत आहे. दवाखान्यात आजारी माणूस बोलत नाही, सोबत आलेला बोलतो. आजारी माणूस मान खाली घालून बसतो, जणू आजारी पडलो हीच त्याची चूक. सोबत आलेल्यांत जो शिकलेला असेल त्यानं बोलायचं. मी नववीत होते. गल्लीत खेळून माझं गुजराती स्वच्छ झालं होतं, आबांचं नव्हतं. म्हणजे बोलणार कोण हे ठरलेलंच होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं, "केवी रीते वाग्युं?" कसं लागलं?

मी म्हणाले, "घरे, दादर परथी पडी गया." घरी, जिन्यावरून पडले.

इतकं सफाईदार गुजराती मी शाळेतही कधी बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले, हुशार आहे हं मुलगी. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

आमच्या घराला जिना नव्हता. एक खोली, वर पत्रा, दाराला एक पायरी. कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी आबांचा हात वर उचलला आणि सोडून दिला. हात धरून ठेवता येईना, पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. त्यांनी कागदावर भराभर काहीतरी लिहिलं आणि फोटोला पाठवलं. एक्स-रे आला. हाड शाबूत होतं.

मास्तरांनी हात जोडून वर बघितलं. घरी आल्यावर मायनं देवापुढं दिवा लावला. गल्लीतली माणसं येऊन बघून गेली आणि प्रत्येकानं तेच विचारलं, हाड तर मोडलं नाही ना? मग झालं. आमच्या गल्लीत माणसाच्या शरीरात दोनच गोष्टी असतात, हाड आणि नस. हाड मोडतं, नस चढते. मोडलेलं बसवतात, चढलेली उतरवतात. तिसरं काही असतं आणि ते फाटू शकतं, हे कुणाच्या गावीच नव्हतं. म्हणून आबांची नस चढली असं ठरलं. डिंडोलीत एक हाड बसवणारे बाबा होते. त्यांनी दीड महिना रोज सकाळी तेल लावून तो खांदा रगडला. आबा दातात पंचा धरून बसायचे.

डॉक्टरांचा कागद मी माझ्या दप्तरातून घरी आणला होता. मायनं तो साडीच्या प्लास्टिक पिशवीत घातला. सुरतेत प्रत्येक घरी अशी एक पिशवी असते. वर दुकानाच्या जाहिरातीतल्या बाईचं हसरं चित्र आणि आत घरातली सगळी दुखणी. ती पिशवी देवांच्या फळीमागं खिळ्याला टांगली. आणि संपलं.

आबांचे लूम दोन महिन्यांत दुसऱ्याला गेलेच. ज्यासाठी मी खोटं बोलले ते वाचलं नाही. लूमवर हात सारखा खांद्याच्या वर न्यावा लागतो, तुटलेला धागा जोडायला. आबांचा हात जाईना. मास्तरांनी त्यांना कांडी, म्हणजे धाग्याची गुंडाळी, भरायच्या मशीनवर बसवलं. तिथं बायका असतात आणि थकलेले म्हातारे. आबा तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. ते बायकांशी बोलायचे नाहीत म्हणून बायका त्यांना नवरी म्हणायच्या. "आज नवरी हसनी का वं?" असं चालायचं. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा ते माझ्या कानावर पडलं. आबा ऐकू न आल्यासारखे कांड्या लावत होते.

हात वर न्यायची त्यांनी एक युक्ती काढली होती. कमरेतून डावीकडं वाकायचं, खांदा कानापर्यंत उचलायचा आणि झोका देऊन हात वर फेकायचा. कधी डाव्या हातानं उजव्याला मनगटात धरून वर न्यायचं. तसेच भांग पाडायचे. तसाच शर्ट घालायचे. पुढं पुढं ती त्यांची लकब झाली. गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायची आणि ती इतकी हुबेहूब असायची की मीही एकदा हसले होते.

बारावीनंतर मी एका छोट्या कामगार मंडळात जाऊ लागले. पत्रकं लिहायची, वाटायची, सभेला सतरंज्या टाकायच्या. पत्रकं मला जमली. लहान वाक्य लिहायचं, विशेषण लिहायचं नाही, कोण जबाबदार ते सांगायचं. मंडळाकडं जायबंदी झालेले कारीगर यायचे, प्रत्येकाच्या हातात तशीच साडीची पिशवी. आम्ही कागद उलटेपालटे करून बघायचो आणि कुणालाच काही कळायचं नाही. मंडळाचे काका, जे सगळं चालवतात, एक दिवस वैतागून म्हणाले, "आपण काय निरक्षर आहोत का? कुणीतरी जाऊन हे शिका." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सोबत गेलेल्यांत शिकलेली मीच.

उधन्याला एका मिठाईच्या दुकानावर रुग्णसहायकाचा वर्ग भरायचा. सहा महिन्यांचा. शिकवणाऱ्या सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, बोलायला कडक, गुजरातीत सुरू करून हिंदीत संपवणाऱ्या. कोपऱ्यात हुकाला प्लास्टिकचा सांगाडा लटकलेला होता, त्याचा डावा पंजा कधीच हरवलेला. खालून तुपाचा वास यायचा आणि आम्ही हाडं पाठ करायचो. गळ्याखालची आडवी ती क्लॅव्हिकल. पाठीवरचं फाळासारखं ते स्कॅप्युला. दंडातलं ते ह्यूमरस. ऑस्टिओ म्हणजे हाड, मायो म्हणजे स्नायू, आर्थ्रो म्हणजे सांधा. मागं आयटिस लागलं की सूज, अल्जिया लागलं की दुखणं. मायाल्जिया म्हणजे स्नायू दुखतोय. सिस्टर म्हणायच्या, नाव माहीत नसेल तर तुम्हाला ते दिसणारच नाही, डोळ्यासमोर असलं तरी.

मला वाटलं, शिक्षक असं बोलतातच.

स्नायू सांगाड्यावर नसतात, म्हणून सिस्टरनी टिकल्या आणायला सांगितल्या. एकमेकींच्या पाठीवर, दंडावर टिकल्या चिकटवून जागा दाखवायच्या. इथं डेल्टॉइड, इथं ट्रॅपिझियस. स्कॅप्युलाच्या पाठीवर एक आडवी कड असते, ती बोटाला लागते. त्या कडेच्या वरच्या खाचेत बसतो तो सुप्रास्पायनेटस. लहानसा स्नायू, जेमतेम बोटभर. पण हात बाजूला उचलायला सुरुवात तोच करतो. त्याचं टोक म्हणजे टेंडन, दोरीसारखं, पुढं जाऊन दंडाच्या हाडाला बांधलेलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "ही दोरी तुटली तर माणूस काय करतो? कमरेतून वाकतो. खांदा कानापर्यंत नेतो. हात फेकतो." त्यांनी करून दाखवलं.

वर्गातल्या मुली हसल्या. सिस्टर माझ्या आबांची नक्कल करत होत्या.

रविवारी दुपारी आबा घरी होते. माय दारात बसून साड्यांवर खडे चिकटवत होती. ते काम ती घरीच करते, गोंदाची वाटी आणि खड्यांची पुडी घेऊन. मी म्हणाले, "आबा, बनियन काढा."

"कसाले?"

"पाठ पाहिजे. परीक्षा आहे."

"ले मग. पाठच राहेल शे आते."

मी मायच्या टिकल्यांचं पाकीट उघडलं तशी ती तिथूनच म्हणाली, "त्या मन्या नव्या टिकल्या शेतस. मोजी ठेवेल शेतस." मोजून ठेवल्यात, म्हणे.

आबा मांडी घालून माझ्याकडं पाठ करून बसले. मी आधी डावी बाजू घेतली, कारण ती चांगली. कड सापडली. कडेच्या वर बोट दाबलं तर तिथं भरलेलं होतं, मळलेल्या कणकेसारखं. टिकली लावली. मग उजवीकडं गेले. कड सापडली. ती जरा जास्तच सापडली, कातडीखाली सरळ हाड. कडेच्या वर बोट ठेवलं आणि बोट आत गेलं.

तिथं काही नव्हतं. खड्डा होता. चमचाभर तेल ओतलं असतं तर राहिलं असतं. या पाठीला मी लहानपणी लटकले होते, उन्हाळ्यात घामोळ्यांना पावडर लावली होती, आणि नऊ वर्षं तो खड्डा माझ्या डोळ्यासमोर होता. मला तो दिसला नव्हता. सिस्टर शिक्षक म्हणून बोलल्या नव्हत्या.

"आबा, इथं दुखतं?"

"दुखाले काही राहेल पाहिजे ना."

हाताला एक टिकली तशीच चिकटून राहिली. मी पेटीवर चढले, देवांच्या फळीमागं हात घातला आणि पिशवी काढली. माय ओरडली, आंघोळ न करता देवात हात घालू नको. मी कागद उलगडले. सगळ्यात खाली तो होता, पिवळा पडलेला, माझ्या दप्तरातली घडी अजून तशीच.

नववीतल्या मुलीला तो कागद म्हणजे मुंग्या चालल्यासारखा दिसला होता. आता मी तो वाचला. हात उचलून सोडल्यावर पडला, असं लिहिलं होतं. सुप्रास्पायनेटस टेअर, आणि पुढं प्रश्नचिन्ह. एमआरआय करून घ्या. एका आठवड्यात परत दाखवा. लागल्यास ऑपरेशन. फाटलंय, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. आबांनी रिक्षात सांगितलं तेच. ते लिहून माझ्या हातात दिलं होतं, मी ते घरी आणलं होतं, आणि आम्ही ते देवामागं टांगून खांदा रगडायला गेलो होतो. फाटलेलं रगडलं. दीड महिना.

आणि या सगळ्याच्या वर, पहिल्याच ओळीत, हिस्टरीच्या जागी: घरी जिन्यावरून पडल्याचे, मुलीने सांगितल्याप्रमाणे.

हिस्टरी म्हणजे काय हे सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. डॉक्टर जे बघतो ते खाली. माणूस जे सांगतो ते वर. वरचं डॉक्टर तपासत नाही, फक्त उतरवून घेतो.

तर ही ती दुसरी ओळ. कुणी केलं. सेठनं केलं, हे मी शंभर पत्रकांत लिहिलंय आणि ते खरं आहे. मास्तरांनी केलं, तेही खरं. पण कागदावर नाव सेठचं नाही, मास्तरांचं नाही. कागदावर मुलगी आहे.

मी आबांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मला वाटत होतं की अजून शिवता येईल. नाव सापडलं म्हणजे इलाजही सापडेल, असला काहीतरी वेडेपणा डोक्यात होता. एमआरआयला नंबर लागायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत आबा एक-दोनदा आरशासमोर हात वर करून बघताना मला दिसले. त्यांना कुणी आशा लावली? मीच.

डॉक्टर तरुण होते, माझ्याहून थोडे मोठे. फिल्म उजेडाला धरून त्यांनी मला दाखवलं, कारण मी नावं घेऊन विचारत होते. दोरी तुटून आत ओढली गेलीय. स्नायू सुकलाय, ॲट्रोफी. जिथं मांस होतं तिथं चरबी आलीय. शिवायला दुसरं टोकच उरलं नाही. "पहेलां आव्या होत तो सांधी देत," ते म्हणाले. आधी आला असता तर सांधून दिलं असतं.

मी म्हणाले, "मग निदान एवढं लिहा की हे कामावर झालं. बीम उचलताना."

त्यांनी पिवळा कागद पुढं सरकवला. "बेन, इसमें तो घर लिखा है."

"ते मी सांगितलं होतं. खोटं होतं."

"तब झूठ था कि अब है, मैं कैसे जानूं?" ते वाईट बोलले नाहीत. खरंच विचारलं. बाहेर रांग दारापर्यंत आली होती. त्यांनी नव्या कागदावर लिहिलं, जुनी दुखापत, आधीच्या कागदानुसार घरी पडल्याने. म्हणजे माझं खोटं आता दोन कागदांवर झालं. एक खासगी, एक सरकारी शिक्क्याचा.

परतीच्या बसमध्ये आबा खिडकीशी होते. मी दोन्ही कागद पिशवीत घातले. मग म्हणाले, मी सांगितलं त्यांना जिन्याचं.

"तू नववीमा व्हती."

"तरी."

आबांनी बाहेर बघतच म्हटलं, "मी बी तठेच बसेल व्हतू ना. मनी जीभ काय बीमखाले सापडेल व्हती?"

माझी समजूत काढायला ते बोलले असतील. पण माझी समजूत निघाली नाही, उलट आणखी एक माणूस दोषी सापडला. तोही आमच्यातलाच.

मग मी पत्रक काढलं. आजवरच्या पत्रकांहून वेगळं. वर खांद्याचं आणि कमरेचं चित्र, मी स्वतः काढलेलं, आणि त्याखाली दहा-बारा शब्द अर्थासकट. टेंडन: स्नायू हाडाला बांधणारी दोरी. लिगामेंट: हाडाला हाड बांधणारी. टेअर: फाटणं, हाड शाबूत असलं तरी हे होतं, एक्स-रेमध्ये दिसत नाही. डिस्क: मणक्यांच्या मधली गादी. शेवटी ठळक अक्षरात: डॉक्टरला खरी जागा सांगा. मंडळाचे काका म्हणाले, हे पत्रक आहे की शाळेचं पुस्तक? पण छापलं.

नवागामच्या नाक्यावर संध्याकाळी सातला पाळी बदलते तेव्हा मी उभी राहिले. कारीगर हातात घ्यायचे, चालता चालता वाचायचे.

"डॉक्टरीण ऊनी रे भो."

"सुप्रास्पायनेटस? ही साडीनी नवी क्वालिटी शे का?"

"मीटरना काय भाव?"

मी म्हणाले, तुमच्याच खांद्यात आहे, फुकट. ते हसले. हसले तरी चालेल, मला वाटलं, घेतायत ना. आमच्याच गल्लीतला एक लूमवाला, आबांच्या जागी पुढं ज्याला लूम मिळाले तोच, त्यानं चहाच्या टपरीवर उभं राहून सगळं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. अडखळत, पण शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी खूश होते. आयुष्यात दुसऱ्यांदा मला चुकीच्या वेळी बरं वाटलं.

तीन महिन्यांनी त्याच माणसाची बायको, जिला मी वहिनी म्हणते, तिचा फोन आला. दवाखान्यात ये, तुला कागद कळतात. मी पोचले तर तो खाटेवर आडवा, कमरेखाली पाय बधिर. बीम चढवताना झालं होतं, हे वहिनीनं मला फोनवरच सांगितलं होतं. दारात मास्तर उभे होते. तेच मास्तर, आता केस पांढरे, अर्धी बोटं खिशात. त्यांनी मला बघितलं आणि नजर खाली केली.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? रीतीप्रमाणे तो खाटेवर गप्प. वहिनी म्हणाली, "घरे. पाणी भरता पडी गया."

मी तिला बाजूला घेतलं. "वहिनी, खरं सांगा. हा कागद पुढं आयुष्यभर राहतो. माझ्या आबांचं बघताय ना."

"बघस ना," ती म्हणाली. "तुना बापले कांडीवर तरी बसाडं. खात्यानं नाव ली टाकं तर मना धनीले तेबी भेटाव नही." तुझ्या बापाला कांडीवर तरी बसवलं, खात्याचं नाव घेतलं तर माझ्या नवऱ्याला तेही मिळणार नाही.

माझ्याकडं उत्तर होतं. मंडळाच्या जुन्या पत्रकांत छापलेलं. कायदा, हक्क, सगळं. मी डॉक्टरांकडं वळले. मला सगळे शब्द येत होते. लंबर, डिस्क, नर्व्ह, बधिरपणा कुठल्या मणक्याचा असू शकतो तेही. तोंड उघडलं. खाटेवरच्या माणसानं मान हलवली. एकदाच, नको म्हणून. त्याच्या शर्टाच्या खिशात तंबाखूच्या पुडीमागं माझं पत्रक दिसत होतं, घडी घातलेलं, कडा मळलेल्या.

मी तोंड मिटलं. डॉक्टरांनी लिहिलं, घरी पडल्याने, पत्नीने सांगितल्याप्रमाणे.

नववीतल्या मुलीला माहीत नव्हतं, असं म्हणता येतं. त्या दिवशी मला काय माहीत नव्हतं? हाडांची नावं येत होती, स्नायूंची येत होती, कागदाची ती ओळ काय करते हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गप्प राहिले. शिकून एवढंच झालं की आता काय होतंय ते होताना कळतं.

आबा अजून कांडीवर जातात. भांग पाडायला डाव्या हातानं उजवा हात वर नेतात. त्या खड्ड्यावर मी आता बोट ठेवत नाही. शेजारचा तो माणूस काठीनं गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. त्याच्या जागी लूम तिसऱ्याला मिळाले.

म्हणून हे पत्रक आमच्या कारीगरांसाठी नाही. त्यांना सांगून झालं. हे तुमच्यासाठी आहे, जे टेबलाच्या पलीकडं बसता. डॉक्टर असाल, नर्स असाल, फॉर्म भरून घेणारे कारकून असाल, किंवा ओळखीच्या कामगाराला सोबत म्हणून नेणारे शेजारी असाल. तुमच्यासमोर खांदा धरलेला माणूस मान खाली घालून बसेल, आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी स्वच्छ भाषेत म्हणेल, घरी, जिन्यावरून पडले. पेन थांबवा. दार लावून घ्या, मास्तर बाहेर राहू दे. आणि तिला विचारा, तुमच्या घराला जिना आहे का?

उत्तर मिळेपर्यंत ती ओळ लिहू नका.